लिंबाचे ऊन

त्या मे महिन्यात आमच्या खळ्यात रातांब्यांच्या साली वाळत होत्या आणि थोरल्या बहिणीला पाहायला देवगडकडची मंडळी यायची होती. आधीच्या स्थळाने रंगावरून नकार दिला होता. म्हणून तिने लिंबाची फोड सालीसकट गालांवर चोळली आणि चेहरा न धुताच साली परतायला उन्हात बसली. तिची बोटे कोकमाने लाल झाली होती आणि गालांना लिंबाचा हिरवा, झोंबरा वास येत होता.

तीन दिवसांनी पाहुणे आले, तोवर तिच्या गालांवर रस ओघळला होता तिथे तिथे तपकिरी पट्टे उमटले. दुधाच्या सायीनेही ते उतरले नाहीत.

मुलाच्या आईने पोह्यांची बशी खाली ठेवून तिचा चेहरा उजेडाकडे वळवला.

“लिंबू लावन उनात बसललंस मां गो?” असे म्हणत त्यांनी आपले डागाळलेले मनगट पुढे केले. “ह्यां बघ. लोणच्याची लिंबा कापलंय नि तशीच उनात गेलंय. जातले डाग, भिया नको.”

लग्न ठरले.

पुढे कॉलेजात मला कळले की लिंबाच्या सालीतले एक द्रव्य सावलीत निरुपद्रवी असते. त्वचेवर ऊन पडताच ते जागे होऊन तिला भाजते, आणि भाजलेली त्वचा काळसर रंग वर आणते. हे मी बहिणीला सांगितले तेव्हा ती सासूबाईंबरोबर लोणच्यासाठी लिंबे चिरत होती. दोघीही सावलीत बसल्या होत्या.