पांढऱ्या गुलाबावरचा दोरा

पाचचा गजर होतो आणि शालनबाई खराडे तो बंद करतात. पाचच मिनिटं, असं स्वतःला बजावतात. ही पाच मिनिटं काय चीज असतात ते छत्तीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाईला कुणी सांगायला नको. वर्गातली निम्मी पोरं याच पाच मिनिटांपायी उशिरा यायची आणि बाहेर उभी राहायची. पण जानेवारीतली कराडची थंडी आहे, गोधडी ऊबदार आहे, आणि आज उठणं शालनबाईंच्या जिवावर आलंय.

आज कृष्णाकाठ पुष्पप्रेमी मंडळाचं वार्षिक प्रदर्शन. सहाच्या आत फुलं कापायची, आठला वाचनालयाच्या सभागृहात बाटल्यांत मांडायची, नऊला परीक्षक येणार. आणि अकराला, बक्षिसांच्या आधी, शालनबाईंनी हेमलता दोशीबद्दल चार शब्द बोलायचे. हेमलता ऑगस्टमध्ये गेली. बावीस वर्षांची मैत्रीण, आणि गुलाबात मंडळामध्ये शालनबाईंना तोडीस तोड असलेली एकटीच. भाषण उशाशी आहे, चांगलं चार पानी. त्यात सगळं आहे, एक गोष्ट सोडून.

डोळे मिटतात. लांबून पाण्याचा पंप सुरू झाल्याचा आवाज येतो, तो हळूहळू स्टोव्हचा होतो.

"आलं कुठं ठेवलंस गं?" स्वयंपाकघरातून कुणीतरी विचारतं.

"खिडकीत, वाटीखाली," शालनबाई म्हणतात आणि मग बघतात. ओट्यापाशी हेमा उभी आहे. तीच निळी वायलची साडी, नाकावर घसरलेला चष्मा, कुंड्यांतली माती नखांत अडकलेली. शालनबाईंना नवल वाटत नाही. गुरुवार असला की हेमाचा चहा ठरलेला, एका गुरुवारी हिच्याकडे आणि दुसऱ्या गुरुवारी तिच्याकडे. आज गुरुवार असणार.

"यंदा मंडळात व्याख्यान कुणाचं झालं?" हेमा आलं किसत विचारते.

"कृषी कॉलेजचे ते सर. गांडूळखत."

"परत?"

"परत. दीड तास. शेवटी गांडुळंसुद्धा झोपली असतील."

हेमा हसते. तिचं हसणं खालच्या मजल्यापर्यंत जायचं. शालनबाईंना हे हसणं ऐकून इतकं बरं वाटतं की त्यांना तिथंच बसावंसं वाटतं, आणि त्या बसतात, तर खाली बसची सीट असते. खिडकीबाहेर उसाचे फड मागे पळत असतात. ही मंडळाची सहल. दर फेब्रुवारीत कुठल्यातरी रोपवाटिकेला, येताना ओढ्याकाठी जेवण, भरल्या वांग्याचे डबे आणि परतीला भेंड्या.

शेजारी हेमाची पर्स आहे आणि पर्समधून एक काटेरी फांदी डोकावतेय, ओल्या रुमालात गुंडाळलेली.

"हेमा, मालकाला विचारलंस का?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असता. मग घेता आली नसती." ती रुमाल नीट झाकते. "चोरून आणलेली काडी हमखास लागते. विकतची रुसते."

त्याच काडीचा पुढं हेमाचा प्रदर्शनातला पांढरा गुलाब झाला. शालनबाईंना ते माहीत आहे, कारण त्या काडीला माती त्यांनीच कालवून दिली होती. त्या पुढं बघतात, तर बसमधली मधली वाट लांबच लांब झालेली असते, दोन्ही बाजूंना टेबलं, टेबलांवर पांढऱ्या चादरी, चादरींवर पाण्याच्या बाटल्या. प्रत्येक बाटलीत एक गुलाब. प्रत्येक गुलाबाला मध्यावर लोकरीचा दोरा.

हे मंडळातल्या बायकांचं जुनं गुपित. प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी अर्धवट उमललेल्या कळीला लोकरीचा दोरा सरकगाठीनं बांधायचा, म्हणजे फूल वेळेआधी सैल पडत नाही. टेबलावर मांडलं की परीक्षक येण्याआधी टोक ओढायचं, गाठ सुटते, पाकळ्या नुकत्या जाग्या झाल्यासारख्या दिसतात. दोरा राहून गेला तर फूल बाद. मग ते कितीही देखणं असो.

हेमा कायम पोपटी लोकर वापरायची, नातवाच्या स्वेटरची उरलेली. गेल्या वर्षी ती संपली. आदल्या संध्याकाळी ती शालनबाईंच्या दारात आली, "थोडी लोकर दे गं." शालनबाईंनी आपली नेहमीची पांढरी दिली. पांढऱ्या फुलावर पांढरा दोरा. हेमाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशन प्रदर्शन झाल्यावर करायचं म्हणून तिनंच लांबवलेलं.

सभागृहात पावलं वाजतात. परीक्षक येतायत. शालनबाई घाईनं पहिल्या बाटलीचा दोरा ओढतात, तो निघत नाही. दुसरा ओढतात, निघत नाही. बोटांत जोर नाही, गाठी गच्च बसल्यायत, आणि टेबलं संपतच नाहीत.

"सोड गं ते," हेमा मागून म्हणते. "तुला मला काहीतरी सांगायचं होतं."

शालनबाई वळतात.

"मला दोरा दिसला होता, हेमा."

"माहीत आहे."

"नऊला दहा कमी होते. मी नुसतं बोट दाखवलं असतं तरी झालं असतं."

"तू शेवंतीच्या टेबलाकडं गेलीस." हेमा चष्मा वर सरकवते. "बावीस वर्षांत तू शेवंतीकडं ढुंकून बघितलं नव्हतंस. तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं की माझ्या फुलाचं काहीतरी बिनसलंय. पण मी बघत बसले तुझ्याकडं."

"सलग तिसरं वर्ष झालं असतं तुझं. तीनदा मिळाला की चषक कायमचा घरी राहतो." शालनबाईंना आपलाच आवाज वर्गात थाप पकडली गेलेल्या पोरीसारखा वाटतो. "मला ते सहन झालं नाही."

"आणि तुला मिळाल्यावर कुठं ठेवलायस तो?"

"पिठाच्या डब्यामागं."

"छान जागा शोधलीस."

शालनबाईंना रडू येतं आणि त्या ते थांबवत नाहीत. "मग बोलली का नाहीस मला? चारचौघांत बोलायचं होतंस. भांडायचं होतंस."

"दोन दिवस शिव्या घातल्या की. पूर्वा म्हणाली, आई, कुणाशी बोलताय." पूर्वा म्हणजे हेमाची सून. "मग राग गेला. म्हटलं, ही येईल. या गुरुवारी नाही तर पुढच्या. पाडव्यापर्यंत दर गुरुवारी दोन कप चहा टाकत होते. एक मी प्यायचे, दुसरा गार झाला की मोरीत." "चषकाचं काही नाही गं, पत्र्याचाच होता तो. तू यायची बंद झालीस, ते लागलं."

टेबलं गेलेली असतात. शालनबाई दवाखान्याच्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभ्या असतात, हातात स्टीलचा डबा. फिनाईलचा वास येतो. बाहेर ऑगस्टचा पाऊस आहे. वर दुसऱ्या मजल्यावर हेमाची खोली. डब्यात मुगाचं कढण आहे, अजून गरम. त्या दिवशी त्या इथपर्यंतच आल्या होत्या आणि इथूनच परत गेल्या होत्या. कढण घरी येऊन त्यांनी स्वतःच प्यायलं.

"मी आले होते," त्या म्हणतात.

"बघितलं मी. खिडकी रस्त्याकडंच होती." हेमा वरच्या पायरीवर बसलीय, पाय दुखले की बसायची तशी. "छत्रीवरनं ओळखलं. आत आलीस, वाटलं जिना चढतीयस. मग परत छत्री बाहेर."

"माफ कर गं मला."

हेमा शालनबाईंचा उजवा हात ओढून मांडीवर घेते आणि करंगळीभोवती काहीतरी गुंडाळायला लागते.

"चार पानी भाषण लिहिलंयस म्हणं."

"हो."

"त्यात मला मनमिळाऊ म्हटलंयस. कोण ही बाई? मी अर्ध्या मंडळाशी भांडलेय." ती गाठ मारते. "माझी काय माफी मागतीस. मी आता कुठंय? आठ वाजता टेबलापाशी मंडळातल्या सगळ्या असतील. त्यांना वाटतं हेमलताला म्हातारपणी भान राहिलं नाही, दोरा काढायचा विसरली. तेवढं तरी नीट कर. आणि ऊठ आता, ऊन आलं की पाकळी सैल पडती."

"थांब ना. चहा राहिला."

"तू कर. दोन कप टाक."

शालनबाई डोळे उघडतात. पाच वाजून बावीस मिनिटं. पंप बंद झालाय. उशी ओली आहे आणि खिडकीच्या फटीतून गारवा येतोय. हात गोधडीबाहेर काढताना त्यांना करंगळी जरा आवळल्यासारखी वाटते. त्या दिवा लावतात.

करंगळीला लोकरीचा दोरा आहे. पोपटी.

त्या उठून विणकामाची पिशवी पलंगावर उपडी करतात. पांढरी आहे, राखी आहे, मुलाच्या टोपीची उरलेली लाल आहे. पोपटी नाही, कधीच नव्हती. त्या पुन्हा बोटाकडे बघतात. सरकगाठ, हेमा मारायची तशी, टोक जरा जास्तच लांब सोडलेलं. टोक ओढतात. एका ओढीत सुटते.

मग शालनबाई ओट्याशी जातात आणि दोन कप चहा टाकतात. एक पितात. दुसरा खिडकीत ठेवतात आणि टॉर्च घेऊन गच्चीवर जातात. हेमाचा पांढरा गुलाब कोपऱ्यात आहे. सप्टेंबरमध्ये पूर्वानं कुंडीसकट आणून दिला होता, "आई म्हणाल्या होत्या, शालनमावशीकडंच दे." तेव्हाही त्यांना काही बोलता आलं नव्हतं. काल संध्याकाळी त्यांनी त्याच्या एकुलत्या कळीला सवयीनं पांढरा दोरा बांधला होता. टॉर्चच्या उजेडातही तो सापडायला वेळ लागतो. त्या तो काढून टाकतात आणि त्या जागी पोपटी बांधतात.

सभागृहात हा दोरा लगेच ओळखू येईल. मंडळातल्या जोशीकाकू तरी विचारतीलच, "ही तर हेमलताताईंची लोकर, तुमच्याकडं कशी?" मग सांगावं लागेल, गेल्या वर्षीपासूनचं सगळं, सगळ्यांच्या देखत. तरी शालनबाई दोरा बदलत नाहीत.

कात्रीनं देठ तिरका कापून त्या फूल बाटलीत ठेवतात आणि खाली येतात. आधी पिठाचा डबा सरकवून चषक बाहेर काढतात, पदरानं पुसतात आणि पिशवीत टाकतात. मग बाटली छातीशी धरून दाराला कुलूप लावतात. भाषणाची चार पानं उशाशीच राहतात.