कातळाचे माप

आंदर मावळातल्या त्या गावी आम्ही बिऱ्हाड हलवले, तेव्हा आईने पत्र्याची ट्रंक उघडलीच नाही. लोणावळ्याहून निघताना तिच्याभोवती काथ्याचा दोर जसा आवळला होता, तसाच तो राहू दिला. दोन पातेली, तवा, परात आणि पांघरुणे एवढ्यावर तिने संसार मांडला. मी विचारले, तर म्हणाली, "आधी गाडी तर होऊ दे."

गाडी म्हणजे बैलगाडी, आणि ती करणार होते माझे वडील. त्यांना आम्ही बापा म्हणत असू. बापा कच्छचे सुतार. डोंगरात धरण बांधले जात आहे, तिथे कसबी हात हवे आहेत, असे ऐकून ते खाऱ्या वाऱ्याचा आपला मुलूख सोडून लोणावळ्याला आले होते. माझा जन्म तिथलाच, रुळांलगतच्या एका खोलीतला. दगडी कोळशाच्या धुराचा वास आला की मला अजून घर आठवते. पण धरण पुरे झाले, आणि ज्यांनी त्याच्या फळ्या-पायाडे घडवली ते हात रिकामे झाले.

त्याच सुमारास थोरल्या काकांचे आफ्रिकेहून पत्र आले. तिथल्या रेल्वेच्या कारखान्यात सुतार हवे होते. सोय मात्र एकट्या माणसाची होती. बापांनी पत्र दोनदा वाचले आणि भिंतीच्या फटीत खोवून ठेवले. हे काका एकदा सहा वर्षांनी कच्छला परतले होते. तेव्हा त्यांची स्वतःची मुलगी पदराआडून आपल्या आईला विचारत होती, "हे पाहुणे कधी जाणार?" बापांनी ते स्वतःच्या कानांनी ऐकले होते. "माझी मुलं मला पाहुणा म्हणणार नाहीत," एवढेच ते आईला म्हणाले. पण हाताला काम नसले तर हा निश्चय किती दिवस टिकणार, हे दोघांनाही ठाऊक होते.

अशात मावळातून निरोप आला. त्या गावचा सुतार वारसाविना वारला होता. गावच्या सगळ्यांत जाणत्या शेतकऱ्याला लहानथोर आबा म्हणत. आबांचे म्हणणे असे, की मिस्त्रीने एक गाडी करून दाखवावी. ती सुगीच्या कामाला खरी उतरली, तर राहायला जागा आणि दरसाल भाताचे बलुते. नाही उतरली, तर काय, ते निरोप्याने सांगितले नाही. आम्हाला ते न सांगता कळले.

"चाकापासनं चाकापतुर तीन हात," आबांनी माप सांगितले. "माज्या बापाची गाडी तेवढीच व्हती. आजाचीबी."

बापांनी कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत हात टेकवत टेकवत तीन हात मोजले आणि कामाला लागले. देवळामागच्या आंब्याखाली महिनाभर लाकूड तासणाऱ्या वाकसाचा ठेका चालला होता. शाळेत आम्ही ज्या चालीवर कविता म्हणत असू, तिच्याशी तो ठेका मी मनात जुळवून पाही. सागाच्या ढलप्यांना कडवट, तेलकट वास येई. तो बापांच्या सदऱ्याला, केसांना, त्यांनी मोडून दिलेल्या भाकरीलाही लागलेला असे. लोहाराने लालभडक तापलेली लोखंडी धाव चाकावर चढवली, पाणी ओतले, आणि वाफेच्या लोटात सगळे सांधे करकरून एकमेकांना भिडले. ते ऐकून बापा पहिल्यांदा हसले.

गावातून भातखाचरांकडे जायला एकच वाट होती, खिंडीतल्या उघड्या कातळावरून. पिढ्यान्पिढ्या गाड्या जाऊन त्या काळ्या दगडात चाकांच्या दोन खोल खाचा पडल्या होत्या, आतून तळहातासारख्या गुळगुळीत. नवी गाडी तिथवर डौलात आली. डावे चाक खाचेत उतरले. उजवे उतरेना. ते काठावर चढले, गाडी कलंडली, आणि आबांचा एक बैल गुडघ्यावर आपटला.

लोक धावले. बापांनी गाडीकडे पाहिलेही नाही. आधी जू सोडले, बैलाचा गुडघा चाचपला, मला हळद आणायला पिटाळले. मी परतले तेव्हा टिंगल रंगात आली होती.

"मिस्त्री, गाडी केली का बाज?"

"आरं, रथ हाय त्यो! कच्छच्या राजाला धाडायचा."

"तीन हात सांगितलं व्हतं न्हवं?" आबांचा आवाज चढला होता.

"तीन हातच आहे, आबा," बापा म्हणाले. मग ते एकाएकी थांबले. त्यांनी आबांचा हात धरला आणि आपले कोपर त्यांच्या कोपराला भिडवले. आबा मावळी बांध्याचे, आखूड आणि घट्ट. बापा ताडमाड. त्यांच्या मधल्या बोटाचे अख्खे पेर आबांच्या बोटापुढे गेले होते.

आबाच म्हणाले, "आता ह्यात चुकलं कोन, मी का तुमी?"

"मी. माप वाटेचं घ्यायला पाहिजे होतं. मी माझ्या हाताचं घेतलं."

"सुगी आठ दिसांवर आलीया, मिस्त्री. भात काय थांबायचं न्हाई. मला दुसरा सुतार बगाया लागंल."

"सातव्या दिवशी गाडी इथूनच जाईल," बापा म्हणाले. त्यांचा आवाज मोठा नव्हता, पण त्यात विनंतीही नव्हती.

लोक पांगल्यावर त्यांनी जवळच्या बांबूच्या बेटातून एक सरळ कळक तोडला. "एक टोक तू धर," मला म्हणाले. मी ओणवी होऊन ते टोक एका खाचेच्या ऐन मध्यात टेकवले. उन्हाने कातळ तापला होता आणि खाचेत मात्र गारवा होता. दुसऱ्या खाचेच्या मध्यावर बापांनी सुरीने खूण केली, पुन्हा ताडून पाहिली, मग कळक तिथे कापला. कितीतरी बैलांनी आणि माणसांनी घासून ठेवलेले माप आता आमच्या हातात होते.

घरी आल्यावर ते आईला म्हणाले, "गाडीचा साटा, वरचा सांगाडा, उतरवायचा आहे. दोर लागेल."

आई ट्रंकेकडे गेली. काथ्याची गाठ पावसाळी हवेने फुगून घट्ट बसली होती. ती तिने दातांनी सोडवली.

"आणि पुन्हा बांधायची वेळ आली तर?" बापांनी विचारले.

"तेव्हा बघू. आता घेऊन जा."

बापांनी सारी गाडी खोलली. चाकांमधल्या कण्याची दोन्ही टोके आत तासली, साटा अरुंद केला, सांधे नव्याने बसवले. सूर्य डोंगरावर दिसायच्या आधी ते आंब्याखाली असत आणि हात दिसेनासा होईतो उठत नसत. त्यांच्या तळहाताला फोड आला, फुटला, त्यावर चिंधी बांधली गेली. पाचव्या दिवशी आबा येऊन एका ओंडक्यावर बसले. जाताना वाकसाची धार अंगठ्याने पाहून गेले.

सातव्या दिवशी गाडी खिंडीत आली. आबांनी कासरा बापांच्या हाती दिला. "तुमीच हाना. पडली तर तुमच्यासंगं पडंल."

बैल कातळावर चढले. मी चाकांकडे पाहत होते. डावे खाचेत गेले, आणि त्याच दमात उजवेही. दगडावर लोखंड घरंगळल्याचा एक खोल, अखंड नाद खिंडभर घुमला. त्यात कुठे खडखड नव्हती, कुठे अडखळ नव्हती. गाडी पलीकडे उतरली तेव्हा आबा एवढेच म्हणाले, "व्हय. ही आमची गाडी."

मी धावत घरी आले. आईने तो नाद चुलीपाशी बसून ऐकला होता. तिने ट्रंकेचे झाकण उघडले होते आणि पितळी डबे एकेक करून फळीवर मांडत होती. कच्छी भरतकामाचे एक तोरण तळाशी होते. ते तिने मला दाराला बांधायला दिले.

काकांना त्याच आठवड्यात उत्तर गेले. बापांनी ते माझ्याकडून लिहून घेतले, कारण त्यांना मराठी शाळेतले माझे अक्षर मिरवायचे होते. काकांना मराठी वाचता येणार नाही, हे मी सांगितले, तरी बापांनी ऐकले नाही.

कळकाची काठी दाराआड उभी असे. गावातली पुढची प्रत्येक गाडी तिच्या मापाने झाली. दरसाल सुगी सरली की बापा आम्हा भावंडांना तिच्या शेजारी उभे करत आणि डोक्यावर तळवा ठेवून सुरीने खूण करत. पहिल्या वर्षी मी टोकापासून चार बोटे खाली होते. तिसऱ्या वर्षी त्यांचा तळवा टेकला, तो काठीच्या टोकावरून पुढे मोकळ्या हवेत गेला.

बापांनी सुरी बाजूला ठेवली. "हिला आता काठी पुरत नाही," ते आईला ओरडून म्हणाले, आणि माझ्या डोक्यावरचा हात त्यांनी बराच वेळ काढला नाही.