सहा लिंबं आणि निळं पाणी

इंडोनेशियातल्या मदुरा बेटावरच्या मिठागरात होस्नियाने सहा वर्षं पोती शिवली, मग हट्टाने मिठातलं आयोडीन मोजायला शिकली. मिठाच्या पाण्यात दोन औषधं घातली की ते पिवळं होतं. मग काचेच्या नळीतून थेंब थेंब रसायन सोडायचं. पिवळं फिकटलं की तांदळाची पेज घालायची, की झालं निळंशार! आणखी थोडे थेंब, आणि निळं गायब. जितकं रसायन लागलं, तितकं आयोडीन. पहिल्यांदा जमलं तेव्हा होस्निया टेबलाभोवती नाचली होती.

त्या दिवशी मात्र पाणी पिवळंच होईना.

"शून्य आयोडीन?" मालक हाजी मुस्तारी दारातूनच ओरडले. "माझ्या डोळ्यांदेखत फवारलंय! ट्रक भरून उभा आहे. तासाभरात नीट मोज, नाहीतर उद्यापासून परत सुई-दोरा!"

होस्नियाने दुसरं पोतं तपासलं, तिसरं तपासलं. शून्यच. आधीच सर्दीने नाक चोंदलेलं, त्यात रडू. घसा कोरडा पडला म्हणून तिने मीठ विरघळवायच्या शुद्ध पाण्याची बरणीच तोंडाला लावली.

"अगं बाई! हे आंबट कसं?"

पोती शिवणारी सुमार्नी खिडकीतून डोकावली. "आवडलं ना? तुझ्या बरणीत सहा लिंबं पिळलीत, गाळूनसुद्धा घेतलंय! आम्ही उन्हात लिंबूपाणी प्यायचं आणि तू एकटीने नुसतं पाणी? शोभतं का गं?"

"कर्म माझं! अगं, लिंबू आयोडीन गिळतं!" होस्निया हसत सुटली, शिंकत सुटली, डोळ्यांना धारा लागल्या.

नवं पाणी आलं. पिवळं झालं! पेज पडली, निळं झालं! हाजी वाकून बघत होते. थेंब, थेंब, आणि स्वच्छ पाणी. आकडा अगदी हवा तेवढा.

"आणि लिंबाचं म्हणतेस ते खरं?"

तिने दुसरं निळं पाणी करून त्यांच्या हातात अर्धं लिंबू दिलं. हाजींनी पिळलं. निळं फुर्र! म्हातारा टाळ्या पिटायला लागला.

"परत कर! परत कर!"

बाहेर ट्रकवाला हॉर्न वाजवून थकला. चौथ्या लिंबाला हाजींनी मान वर केली. "सुमार्नी, हिची सुई कुणाला तरी देऊन टाक गं," ते म्हणाले, "आणि अजून लिंबं आण."