आईच्या नावची होडी

माझे बाबा होड्या बांधणारे सुतार होते. आज लोक ज्याला नवी मुंबई म्हणतात, ती तेव्हा बेलापूर, दिवाळे अशी खाडीकाठची गावं होती. आमच्या घरामागेच खाडी होती. तिथे उतारावर बाबा आणि काका होड्या उभ्या करायचे. मी एकुलता एक. बाबांनी माझ्या हातात लाकूड तासायचा वाकस कधी दिला नाही, पाटी दिली. मी मॅट्रिक झालो, पनवेलच्या एका कचेरीत कारकून म्हणून लागलो, तेव्हा बाबांनी गावभर साखर वाटली होती.

पुढच्याच वर्षी त्यांना दम्यानं धरलं. चार पावलं चालले की बसायचे. एका रविवारी मी घरी गेलो तर म्हणाले, "कागद आनलास का? लिव."

मी ओसरीवर बसून लिहिलं. गावातले दोघे जण साक्षीला होते. घर आईचं, हत्यारं काकाची, हे दोन ओळींत झालं. मग ते खाडीकडे बोट करून म्हणाले, "आता ओंडक्यांचं लिव."

सागाचे पाच ओंडके त्यांनी गेल्या सात-आठ वर्षांत एकेक करून जमवले होते. खाऱ्या चिखलात पुरून ठेवले होते, म्हणजे लाकूड किडत नाही. मला वाटायचं, ते धंद्यासाठी असतील. बाबा म्हणाले, "याची एक होडी बांधायची. भावानं बांधायची, मजुरी घ्यायची नाय. होडी तुझे आईचे नावची. चालवतील दुसरे, पन होडीचा वाटा रोज तिचे दारात आला पायजे. मी गेल्यावर तिनं कोनाच्या तोंडाकडं बघू नये."

आमच्याकडे जाळं ओढणाऱ्यांना जसा म्हावऱ्याचा, म्हणजे मासळीचा, वाटा मिळतो, तसा होडीचाही एक वाटा असतो. होडी ज्याची, वाटा त्याचा. बाबांना पेन्शन नव्हती. त्यांनी ती चिखलात पुरून ठेवली होती.

"आणि माझं?" मी विचारलं. मस्करीतच विचारलं होतं.

"तुला शिकवला ना," ते म्हणाले.

मी सगळं नीट, वळणदार अक्षरात लिहिलं. त्यांनी अंगठा उठवला. पावसाळ्याच्या तोंडाला ते गेले.

त्या वर्षी काकाच्या हातात दुसऱ्याची होडी होती. ती झाली की आईची घ्यायची असं ठरलं. मधल्या काळात माझं लग्न झालं. सासऱ्यांनी पनवेलला घरापुरती जागा दिली. भिंती उभ्या राहिल्या आणि छपराच्या लाकडाशी काम अडलं. बायको तेव्हा मला काही म्हणाली नव्हती, हे सांगितलं पाहिजे. पुढे बऱ्याच वर्षांनी मी स्वतःची समजूत घालायला तिचं नाव पुढे करायचो, पण ते खोटं आहे. कल्पना माझीच होती.

मी बेलापूरला गेलो. आई तांदूळ निवडत होती. मी म्हणालो, "आई, ते ओंडके मी आत्ता नेऊ का? दोन वर्षांत मी तुला त्याहून चांगलं लाकूड आणून देतो. होडी काय, तेव्हा बांधू."

आईनं सूप खाली ठेवलं. "तुझं घर आडलंय?"

"हो."

"मंग ने की."

काका दारात उभा होता. तो म्हणाला, "वहिनी, कागद केलेला हाय." आई म्हणाली, "कागद त्यानंच लिवलाय. त्याला ठावं हाय काय लिवलंय." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. म्हणूनच ते मला अजून ऐकू येतं.

पौर्णिमेच्या भरतीला चार गड्यांनी ओंडके चिखलातून ओढून काढले. दोन होड्यांच्या मध्ये दोरखंडानं बांधले आणि खाडीनं पनवेलला नेले. काका आला नाही. आई काठावर उभी राहून गड्यांना सांगत होती, "सांभालून रं, पोराच्या घराचं लाकूड हाय."

दोन वर्षं झाली, तीन झाली. मला मुलगी झाली. लाकूड महाग झालं होतं, हे खरं आहे. मी कधी वखारीत भावसुद्धा विचारायला गेलो नाही, हेही खरं आहे. सणाला गेलो की आईसाठी लुगडं न्यायचो. ती काय खाते, कशावर भागवते, हे मी विचारत नव्हतो. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, याची मला भीती होती.

मग एका उन्हाळ्यात कचेरीत नवे साहेब आले. त्यांना मिठागरं पाहायची होती. दप्तर घेऊन मी त्यांच्याबरोबर जीपमधून गेलो. बेलापूरच्या अलीकडे बांधावर जीप थांबली. ऊन इतकं की मिठाकडे बघवत नव्हतं. डोक्यावर मिठाच्या पाट्या घेतलेल्या बायका ओळीनं येत होत्या आणि ढिगावर पाटी रिकामी करून परत जात होत्या.

चौथी आई होती.

तिचे पाय गुडघ्यापर्यंत पांढरे झाले होते. तिनं मला पाहिलं. मी दप्तर छातीशी धरून साहेबांच्या मागे उभा होतो. साहेबांनी रुमालानं मान पुसली आणि तिलाच विचारलं, "बाई, प्यायला पाणी मिळेल का?"

आईनं पाटी खाली ठेवली. बांधावरच्या मडक्यातून तांब्या भरून आणला, साहेबांना दिला. मग तोच परत भरून माझ्यापुढे धरला. पदर पुढे ओढून, खाली बघत म्हणाली, "घ्या, तुमी पन घ्या साहेब."

मी तांब्या घेतला. पाणी प्यायलो. तांब्या परत दिला. साहेब म्हणाले, "या बायका फार काटक असतात." मी म्हणालो, "हो सर."

जीप सुरू झाली. मी मागे वळून पाहिलं नाही.

त्या रविवारी मी बेलापूरला गेलो. आईनं वाकटीचं कालवण केलं होतं. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "साहेब चांगला वाटला तुझा. मानूस बरा हाय."

"तू मला ओळख का नाही दिलीस?"

"त्याच्यासमोर तुला कमीपना आला असता." मग भाकरी वाढत म्हणाली, "आनि तू तरी कुटं दिलीस?"

तिनं ते रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. मी म्हणालो, माझ्याकडे चल. ती आली. आठ दिवस राहिली. नवव्या दिवशी म्हणाली, मला इथं हातपाय हलवायला काय नाय, आणि गेली. मी एस.टी.त बसवून दिलं. खरं सांगायचं तर बस सुटल्यावर मला हलकं वाटलं.

साठ सालानंतर दोन-तीन वर्षांत ती गेली, तापाचं निमित्त होऊन. बाराव्याला एक कोळी आला. टोपलीत दोन पापलेटं आणि मूठभर कोलंबी होती. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, "म्हातारीचा वाटा." मला काही कळेना. मग काकानं सांगितलं. मिठागरावर जाऊन आईचे पाय फाटायला लागले, तेव्हा त्यानं आपल्या दारचा आंबा तोडून तिच्यासाठी लहान होडी बांधली होती. आंब्याचं लाकूड खाऱ्या पाण्यात फार टिकत नाही. दरवर्षी तो तिच्या फळ्या बदलत होता. शेवटची तीन वर्षं आई त्या वाट्यावर जगली.

"मला का नाही सांगितलं?" मी म्हणालो.

काका म्हणाला, "ती बोलली, त्याला सांगू नको. त्याला वाटंल, आपन दिलं नाय म्हनून दुसऱ्यानं दिलं."

मी काकाच्या पाया पडलो. त्यानं मला उठवलं, पाठीवर हात ठेवला. म्हणाला, "घरासाठीच नेलंस ना. चैनीला नाय नेलंस." तो मला माफ करत होता, आणि मला त्याला बांधावरच्या पाण्याचं सांगायचं होतं. तोंड उघडलंसुद्धा. पण तो कोळी अजून टोपली घेऊन उभा होता, वाटा कोणाला द्यायचा म्हणून विचारत होता. मी काकाकडे बोट दाखवलं आणि आत गेलो.