बाटलीत उरलेलं पाणी

नांदेडला सरांच्या कागदपत्रांचं खोकं उघडलं आणि प्रयोगशाळेतला अ‍ॅसिडचा जुना वास आठवला. लातूर जिल्हा तेव्हा नवा होता, दुष्काळ मात्र जुनाच. सर आम्हाला लातूरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. एकदा जवळच्या मुरुडकडची एक बाई बोअरचं पाणी तपासायला घेऊन आली.

तपासून सर म्हणाले, "यात फ्लोराइड फार आहे. हाडं वाकतील. पिऊ नका."

"मग काय पिऊ, सर? गावात दुसरं पाणीच न्हाई."

आणलेलं पाणी फेकून द्यायला तिला जीव होईना. बाटलीत उरलेलं पाणी तिनं तिथंच पिऊन टाकलं.

त्यानंतर सर प्रयोगशाळेत रमलेच नाहीत. विद्यापीठाच्या कारभारात गेले, नांदेडला कुलसचिव झाले. खोक्यात सगळी परिपत्रकंच आहेत. लोक म्हणतात, सरांना खुर्चीचा मोह पडला. लोकांनी त्या बाईला पाणी पिताना पाहिलं नव्हतं.