फटफटीच्या पाण्यात नाचणी

डॉक्टरांच्या फटफटीच्या पाण्यात मी दोन ओंजळी नाचणीचं पीठ टाकलं होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं. अब्बा पहाटे फजरच्या नमाजाला गेले होते, अम्मा तापातून नुकतीच उठून भिंतीला टेकून बसली होती, आणि मी चौदा वर्षांची होते. चौदाव्या वर्षी माणसाला जेवढी अक्कल असते असं वाटतं, तेवढी मला पुढे कधीच आली नाही.

महाराजांचं राज्य होतं तेव्हा. कोल्हापुरात बग्ग्या पुष्कळ होत्या, मोटारी थोड्या, आणि अशी फटफटी एकच. बाजूला माणूस बसायची डोली असलेली. तिचं इंजिन पाण्यावर निवायचं. इंजिनाभोवती पाणी फिरायचं, तापलं की वरच्या नळीनं पुढच्या पितळी जाळीत जायचं, तिथं वाऱ्यावर गार व्हायचं, आणि खालचा मुठीएवढा पंप ते पुन्हा इंजिनाकडे ढकलायचा. अब्बा कुलपं, कंदील, शिवणयंत्रं दुरुस्त करायचे. ही फटफटी आल्यापासून गंगावेशीत लोक त्यांना मिस्त्री म्हणायला लागले होते, आणि मी स्वतःला मिस्त्रीची लेक म्हणवून घ्यायला.

पंपाच्या सांध्यातून पाणी ठिबकत होतं. अब्बांनी सुताच्या वातीला चरबी लावून ती सांध्यात ठासली, तरी अधूनमधून एखादा थेंब पडायचाच. "एवढं चालतंय," ते डॉक्टरांना म्हणाले, "घाटाखाली एकदा पाणी घालून घिऊ." मला काही ते चालण्यासारखं वाटेना. आमच्याकडे नवं मडकं पाझरायला लागलं की अम्मा त्यात नाचणीची पेज उकळायची. पीठ छिद्रांत बसायचं आणि मडकं थेंब गाळायचं नाही. मडक्याला जे जमतं ते पितळेला का जमू नये? मी जाळीचं टोपण काढलं, पीठ ओतलं, काडीनं हलवलं आणि हात परकराला पुसले. वर स्वतःची पाठ थोपटून घेतली. तेवढा हात मात्र माझा तेव्हा बरोब्बर पोचायचा.

कारण आम्हाला पन्हाळ्याला जायचं होतं. माझी आपा, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी बहीण, तिथं दिलेली होती. ते मानमोडीच्या तापाचं वर्ष. आदल्या दिवशी तिच्या सासरहून निरोप आला होता, की तिला ताप आहे आणि श्वास लागतोय. डॉक्टरांना तेव्हा झोप नव्हती, तरी ते अब्बांना म्हणाले, "मिस्त्री, गाडी नीट करा, मी येतो." अम्माला उभं राहवत नव्हतं म्हणून आपाच्या उशाशी बसायला मला घेतलं. डॉक्टर गाडीवर, अब्बा त्यांच्या मागे, आणि मी डोलीत, औषधाची पेटी मांडीवर घेऊन. एरवी अशी मिरवत निघाले असते की गल्ली वेडी केली असती. त्या दिवशी बघायला दारात कुणी नव्हतंच. पंचगंगेच्या पुलावरून नदीच्या घाटावरचा चितांचा धूर दिसला. एका जागेचा नव्हता तो.

केर्लीपर्यंत गाडी बरी चालली. वाघबीळ जवळ आलं तशी जाळीच्या टोपणातून वाफ फुसफुसायला लागली, इंजिन ठोकायला लागलं, आणि डॉक्टरांनी गाडी बाभळीखाली घेतली.

"पाणी संपलं का हो, मिस्त्री?"

अब्बांनी फडक्यात धरून टोपण सैल केलं, वाफ जाऊ दिली, आत पाहिलं. "पाणी हाय की काठोकाठ."

मला तिथंच कळलं. वाफेला पेजेचा वास होता. डॉक्टरांना तपकिरीपुढे वास यायचा नाही, आणि अब्बा त्या वर्षीच्या पडशातून उठलेले. मला मात्र तो असा आला, की जणू कुणी माझं नाव घेऊन हाक मारतंय.

मी डोलीतून उतरले आणि हत्यारांच्या पिशवीतून पाने काढायला लागले.

अब्बा आधी पट्ट्याकडे वळले. इंजिनावरून पंपाला फिरवणारा चामड्याचा पट्टा. सैल पडला की पंप थांबतो. त्यांनी तो बोटानं दाबून पाहिला, मग गाडी क्षणभर चालू करून पाहिली. पट्टा घट्ट होता, पंपाचं चाक गरगर फिरत होतं. "पंप तर फिरतोय," ते पुटपुटले. मग एक हात वरच्या नळीवर ठेवला आणि चटका बसून ओढला. दुसरा खालच्या नळीवर. ती गार होती.

"पाणी हालंना झालंय, साहेब. वर उकळतंय आन खाली गार. कुठंतरी अडकलंय."

"मग पंप उघडा."

"पंप फिरतोय न्हवं? नळ्या बघतो आधी."

त्यांचं चुकत नव्हतं. जे डोळ्यांसमोर फिरतंय ते बिघडलंय असं कोण म्हणेल? इंजिन निवायची वाट बघावी लागली. मग त्यांनी वरची नळी सोडवली, तोंड लावून फुंकली, पुन्हा बसवली. खालची सोडवली, फुंकली. मी शेजारी पाने धरून उभी. ते मागतील ते मी इतक्या तत्परतेनं देत होते, की डॉक्टर म्हणाले, "मिस्त्री, पोरगी हुशार आहे हो तुमची." ऐका! उन्हं डोक्यावर आली होती. एक वाक्य बोलायचं होतं मला, सहा-सात शब्दांचं. माझी जीभ, जी घरात कुणाला ऐकत नव्हती, ती त्या दिवशी आज्ञाधारक झाली.

शेवटी त्यांनी पंप उघडला. आतलं पाण्याचं चाक तपकिरी चिकट लगद्यात रुतून बसलं होतं. त्याला फिरवणारी खीळ मोडली होती, म्हणून बाहेरचं चाक एकटंच गरगरत होतं. अब्बांनी लगदा चिमटीत घेतला, चोळला, जिभेच्या टोकाला लावला. मग माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही पाहिलं.

"काय आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"गाळ हाय, साहेब."

समोरच्या मळ्यातली बाई आमची हाक ऐकून दोन घागरी घेऊन आली, पण बांधावर ठेवून मागं सरली. "पावणं, घागरी तितंच ऱ्हाऊ द्या. आमच्यातली दोन गेली कालच्याला." अब्बांनी सगळं धुऊन काढलं, औषधाच्या पेटीचा एक खिळा उपटला, दगडावर ठेचून त्याची खीळ केली. गाडी निघाली. गडावर पोचलो तेव्हा जोहरची, दुपारच्या नमाजाची, वेळ टळून गेली होती.

आपा जागी नव्हती. डोळे अर्धे उघडे, ओठ निळसर. डॉक्टरांनी सुई टोचली, छाती ऐकली आणि ऐकायची नळी स्वतःच्या गळ्यातून काढून घडी करत बसले. आपाची सासू मला जवळ घेऊन म्हणाली, "दुपारपतुर बोलत हुती गं. सारखं इचारत हुती, फटफटीचा आवाज आला का म्हून." मी आपाचा हात धरून बसले. दिवस मावळायच्या आत तो गार झाला.

आता माझी शिकलेली नातवंडं म्हणतात, आजी, त्या तापाला तेव्हा औषधच नव्हतं, तुम्ही सकाळी पोचला असता तरी तेच झालं असतं. खरं असेल. त्यांनी असं म्हणावं म्हणून तर मी लबाड म्हातारी दर दोन-तीन वर्षांनी ही गोष्ट त्यांना नव्यानं सांगते. पण ती दुपारपर्यंत बोलत होती, आणि ते बोलणं ऐकायला तिच्याजवळ तिचं माणूस नव्हतं.

अब्बा मला रागावले नाहीत. मारलंही नाही. माझ्या हातचं जेवत होते, पाणी मागत होते. फक्त दुकानात माझ्याकडे पाने मागायचे थांबले, स्वतः उठून घ्यायचे. आपाच्या चाळिसाव्या दिवसाचा फातिहा झाला, पाहुणे गेले, आणि मी दुकानाच्या उंबऱ्यात जाऊन उभी राहिले. म्हटलं, "अब्बा, ते पीठ मी टाकलं होतं. मला वाटलं गळायचं थांबेल."

ते एका कुलपात तेल सोडत होते. घरात आमची दखनी चालायची, पण मन दुखलं की अब्बा गावच्याच बोलीत बोलायचे. कुलूप खाली ठेवून ते म्हणाले:

"टाकलंस त्येचं काय न्हाय, पोरी. चांगल्यासाठीच टाकलंस. पर मी पट्टा बघत हुतो, नळ्या फुकत हुतो, तवा तू माझ्या शेजारीच उभी हुतीस की."