कुंपणाजवळचं पिवळं फूल

सिंदेवाहीच्या शकुबाईनं एकदा म्हटलं की संपलं. कुंपणाजवळ पुरुषभर उंच वाढून पिवळ्याधमक फुलांनी डोलणारं ते झाड तिनं सूर्यफूल ठरवलं आणि अख्ख्या आळीनं मान डोलावली. डोलावली नाही ती एकट्या मनकर्णेनं, तिच्या नव्या सुनेनं. बाप डाकबंगल्यावर माळी, त्याच्याकडून गड्डा तिनंच आणून लावला होता.

"बाई, हे सूर्यफूल नाई. मधात काळं कुठी हाय? पिवळंच हाय. अन् सूर्यफूल मेलं का मेलं. हे जमिनीत झोपते न् दरसाल येते."

"मेलेलं कधी येते काय वो?" शकुबाई हसून हसून भिंतीला टेकली.

पौषात झाड वाळलं, काड्या चुलीत गेल्या. शकुबाईला तिथं वांगी लावायची होती. मग काय, लागली पैज! उन्हाळ्यात कोंब आला नाही तर वांगी. आला तर पुढच्या हिवाळ्यात सासूनं सुनेला वडशाला नेऊन झाडीपट्टीचं नाटक दाखवायचं. "पण पाणी घालाचं नाई. आपल्या मनानं आलं तरच खरं," असा नियमही शकुबाईनंच घातला. नाटकाला ती थेरं म्हणायची, त्यामुळे मनकर्णेचा जीव टांगणीला लागला. वैशाखभर ती त्या भेगाळल्या मातीकडे बघून झुरली.

ज्येष्ठात एका सकाळी कोंब! समोरासमोर पानांच्या जोड्या, हात लावला तर खरखरीत. मनकर्णा अंगणात गरगर नाचलीच.

"बिया पडल्या असतीन, त्याच रुजल्या," शकुबाई म्हणाली.

मनकर्णेनं बोटांनी माती उकरली. कोंब थेट जुन्या गड्ड्यातूनच निघाला होता. पण माती ओली कशी? वर पांढुरकी साय, तिला चिकटलेल्या तांदळाच्या कण्या. हे तर तांदळाचं धुवण! आणि या घरात तांदूळ धुवायला शकुबाई दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे.

"बाई! पाणी तुम्हीच घातलं?"

शकुबाईनं पदर तोंडात कोंबला, तरी हसू फुटलंच.

"मले नाटक पाहाचं हाय म्हणलं तर लोकं नावं ठेवतीन वो, या वयात. पैज हरली म्हणून गेली तर कोन काय म्हणीन?" मग हळूच सुनेच्या कानाशी लागली, "पन पुढंच बसू हं पोरी. मांगून मले दिसत नाई."